चढवलेलं वजन

नव्वदच्या दशकात सिंदीजवळच्या एका खेड्यात मी अंगणवाडी चालवायची. पोरांची वजनं घ्यायचा दिवस मला नकोसा वाटायचा. वजन घटलं की वरून बोलणी बसायची, म्हणून आम्ही सेविका पोरांना आधी पोटभर खिचडी खाऊ घालायचो आणि मग काट्याच्या झोळीत बसवायचो. एका साडेतीन वर्षांच्या पोरीचं वजन तरीही वाढेना. हातपाय काड्या, पोट मात्र घागरीसारखं. मी दर महिन्याला तिच्या कार्डावर पाव किलो मनानंच चढवत गेले. मोठी हुशार ना मी.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी तिनं अंगणवाडीतच उलटी केली. उलटीत वीतभर लांब जंत वळवळत होता. तिचं पोट दगडासारखं घट्ट झालं होतं. तिची आई कापूस वेचायला गेली होती. तिला शेतातून बोलावलं आणि मिळेल त्या जीपनं आम्ही वर्धा गाठलं. वाटभर ती एकच विचारत होती, "बाई, काऊन अशी करून राह्यली हे?"

दवाखान्यात पोरीचं वजन भरलं साडेआठ किलो. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. गेल्या महिन्याचं अकरा होतं.

"एका महिन्यात अडीच किलो? मग हे नुसते जंत नाहीत, दुसरं काहीतरी मोठं असणार," असं म्हणत ते नर्सला भराभर तपासण्या सांगू लागले. पोरगी डोळे फिरवत होती.

खरं सांगितलं तर नोकरी जाईल, ही भीती आधी आली. पोरगी जाईल, ही नंतर. त्याची लाज मला अजून वाटते. शेवटी तिच्या आईच्या देखतच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ते अकरा खोटं आहे. मीच लिहिलंय. ही वर्षभर अशीच आहे."

त्यांनी कार्ड बाजूला सारलं. आतड्यात जंतांचा गुंता अडकला होता. नाकात नळी, हाताला सलाईन, आणि ऑपरेशन कधीही करावं लागेल ही टांगती तलवार. मी रोज गावाहून वर्ध्याला जायची आणि वॉर्डाच्या दाराशी उभी राहायची. आई माझ्याकडे पाठ करून खाटेशी बसलेली असायची.

पाचव्या दिवशी पोरीनं भात मागितला. तेव्हा कुठं तिची आई माझ्याकडे वळली.

"मी दिवाईच्या सणातच आनत होती हिले दवाखान्यात," ती म्हणाली. "तुमीच म्हनलं, वजन वाढून राह्यलं, काऊन घाबरतं."