अव्वाच्या अंबाड्यात

परवा टीव्हीवर दाखवलं की प्रेतावरच्या अळ्या पाहून माणूस कधी मेला ते पोलीस सांगतात. घरातले सगळे डोळे मोठे करून बघत होते. मला नवल वाटलं नाही.

सत्तर सालाच्या पुढची गोष्ट. मी टेंभुर्णीला सासरी, अव्वा, म्हणजे माझी आई, सोलापुरात माझ्या भावाकडं. उन्हाळ्यात तार आली, आज सकाळी अव्वा गेली. मिळेल त्या एसटीनं दुपारी पोचले.

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवतात. अव्वाला अंघोळ घालून, भस्म लावून, हार घालून, उदबत्त्यांच्या दाट धुरात भिंतीशी बसवलं होतं. भाऊ रडत म्हणाला, "अक्का, पहाटं माज्या हातानं पाणी पिली. माज्याच मांडीवर जीव सोडला."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

अंबाडा सुटत आला होता. नीट बांधावा म्हणून मी केस मोकळे केले, तर कानामागं अळ्या. चांगल्या जाड झालेल्या. आमच्या म्हशीच्या फाटक्या कानात किडे पडायचे, ते मीच काढायची. आज माशी बसली की उद्या बारीक वळवळ. इतक्या जाड व्हायला आणखी वेळ लागतो.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "पहाटं गेली व्हय? मग ह्या कवाच्या?"

"सासरी म्हशी राखून डोकं म्हशीचं झालंय तुजं," भाऊ ओरडला. "अव्वाची शप्पथ, हितंच हुतो मी!"

अव्वा समोरच बसलेली होती.

भावजयीला राहवलं नाही. "वन्सं, आमी माज्या भावाच्या लग्नाला बार्शीला गेलतो. शेजारणीला बघ म्हणून सांगितलं, ती बी गावाला गेली. आज दार उघडलं, तर…"

म्हणजे अव्वा एकटी गेली. पाणी मागितलं असेल, तर ते भिंतींनी ऐकलं. लग्नाला जातो, तू ये, एवढा निरोप त्याला धाडता आला नाही. तार करायला मात्र जमलं.

माती दिल्यावरही येईल त्याला तो मांडीचंच सांगत होता. एका म्हातारीनं मला विचारलं, "खरं का गं?"

"अळ्यांना विचारा," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एसटी धरली. त्या घराची पायरी पुन्हा चढले नाही.