सिमेंटच्या गुहेतली नदी

या देशात नदी नाही, हे गावच्या नदीत पोहत वाढलेल्या मला इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यामुळे मुलीने अबुधाबीहून फोन करून "बाबा, खोर फक्कानच्या मागच्या डोंगरात अंडरग्राउंड रिव्हर सुरू झालीये, ट्यूबवर फ्लोट करत जायचं, यू विल लव्ह इट," असं सांगितलं, तेव्हा पाणी कुठून आणलंय, एवढंच मी विचारलं. ती म्हणाली, "बाबा, प्लीज." मग अगदी सहज आठवल्यासारखं म्हणाली, "माझा एक फ्रेंडपण येतोय."

पाणी कुठे मुरतंय ते कळायला मला गुहेत जायची गरज नव्हती. हा फ्रेंड बरेच दिवस तिच्या बोलण्यात अधूनमधून डोकावत होता. बायकोने गुडघ्याचं कारण पुढे केलं आणि निघताना मला बजावलं, "नीट बघून या. आणि नीट वागा." म्हणजे हिला सगळं आधीच ठाऊक होतं. दोघींना माझा होकार हवा होता, आणि माझ्या होकाराशिवाय मुलगी पुढे पाऊल टाकणार नाही, हे मला माहीत होतं. त्याचीच तर भीती वाटत होती. हो म्हणून चुकलो तर नुकसान तिचं, नाही म्हणून चुकलो तरी तिचंच.

फुजैराच्या तेलाच्या टर्मिनलवर मी सेफ्टीचं काम करतो. रिकाम्या टाकीत माणूस उतरवायच्या आधी आतली हवा तपासायची, आणि कुणी "सब ठीक है" म्हणालं की ते खोटं धरून पुन्हा तपासायचं. या सवयीचा घरच्यांना जाच होतो. पण ती काही कामावरून आल्यावर बुटांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही.

पोरगा मुलीच्या आणि माझ्या आधीच पोचला होता. आईवडील केरळचे, जन्म अबुधाबीचा, नोकरी बँकेत. "नमस्ते अंकल" म्हणत त्याने माझ्या हातातली पिशवी घेतली. चहा घेणार का? "शुअर अंकल." आधी पाणी? "शुअर अंकल." असा सगळ्याला हो म्हणणारा माणूस मला साइटवरही चालत नाही. मी विचारलं, "स्विमिंग आता है?"

"यस अंकल, ऑफ कोर्स," तो म्हणाला, पण माझ्याकडे न बघता मुलीकडे बघून.

गुहेच्या तोंडाशी मी भिंतीवर बोटाने ठोकून पाहिलं. आतून पोकळ आवाज आला. खडक कसला, जाळीवर थापलेलं सिमेंट. पाण्याला क्लोरिनचा वास होता आणि खालून कुठूनतरी पंपाची घरघर येत होती. मी नेपाळी गाइडला विचारलं, "अंदर लाइट गया तो?"

"नहीं जाएगा सर, इन्शाल्ला."

साइटवर इन्शाल्ला म्हणजे 'खात्री नाही', हे मला चांगलं ठाऊक आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, यू आर एम्बॅरसिंग मी."

ट्यूबा सुटू नयेत म्हणून आत साखळी करायची होती. मागच्याने पाय पुढच्याच्या काखेखालून घालायचे आणि पुढच्याने ते घट्ट धरायचे. मुलगी पुढे, मधे मी, मागे तो. माझे पाय मुलीने धरले. त्याने मात्र पाय पुढे केले आणि झटकन मागे घेतले. "सॉरी अंकल, आपको पैर कैसे लगाऊँ..."

"यल्ला यल्ला, पैर दो!" गाइड घाई करत ओरडला. मग मीच हात मागे नेऊन त्याचे घोटे पकडले.

पहिल्या वळणानंतर दिवे संपले. मुद्दामच संपवलेले असणार. मिट्ट काळोख, पाण्याचा आवाज आणि पुढे मुलीचं हसणं. "यू ओके?" तिने ओरडून विचारलं. "ऑल गुड!" त्याचा आवाज ठणठणीत होता. पण माझ्या हातातले घोटे थरथरत होते. आधी वाटलं थंडीने असेल. पण पाणी कोमट होतं. ट्यूब भिंतीला जराशी घासली तरी त्याच्या पायाला गोळे आल्यासारखी पावलं ताठ होत होती, आणि वरून पुन्हा "ऑल गुड!" मी पकड घट्ट केली.

बाहेर आल्यावर गाइडने दुसऱ्या फेरीचं विचारलं. मुलगी तयारच होती. पोरगा पांढराफटक पडला होता, तरी तोंड उघडून "शुअर" म्हणणार तेवढ्यात मी म्हणालो, "माझी कंबर धरलीये. तू रुक, बैठ मेरे साथ." मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आता दिवा लावून त्याची उलटतपासणी घेणार होतो. पण गेली.

मी खोटं शोधायला आलो होतो आणि ते माझ्या हाती लागलं होतं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, उलट वाईट वाटलं.

"तैरना नहीं आता ना?"

तो टॉवेलमध्ये तोंड खुपसून बसला. "नो अंकल."

"फिर आया क्यों?"

"जगह उसने चुनी. बोली, पापा पानी में हों तभी हँसते हैं. आपको हँसते हुए मिलवाना था."

मी पिशवीतला कोरडा टॉवेल काढून त्याच्या खांद्यावर टाकला. मग म्हणालो, "मैं नहीं बताऊँगा. तू बता."

ती ओल्या केसांनी धावत आली, तशी त्याने सांगून टाकलं. ती त्याच्यावरच उखडली. "आर यू मॅड? उस अंधेरे में? किसको पकड़के बैठा था?"

"अंकल ने पकड़ा था," तो म्हणाला.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "बघितलंत? कसा आहे? आपल्या पद्धतीने लग्न लावायचं म्हणजे जावयाचे पाय धुवावे लागतील हो तुम्हाला. जमेल ना?"

"धुऊन झाले," मी म्हणालो.

"म्हणजे?" तिने संशयाने विचारलं.

मला हसू आवरेना. मी फोन मुलीच्या हातात दिला.