उभे दहा, आडवे बारा

कसब्यातल्या रहीमभाई शेखांना गेल्या वर्षभरात कुणी काम करताना पाहिलं नव्हतं. माणूस धडधाकट, पण स्टुडिओला कुलूप लागलं त्या दिवशी खिडकीशी जी खुर्ची धरली, ती धरलीच. तीस वर्षं त्यांनी पेठेतल्या लोकांचे काळे-पांढरे पासपोर्ट फोटो काढले, अंधाऱ्या खोलीत स्वतः धुतले, स्वतः कापले. मग हमरस्त्यावर पाच मिनिटांत रंगीत फोटो देणारं मशीन आलं आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. वळणारच! पाच मिनिटांचं काम सोडून दोन दिवस कोण थांबतंय?

त्यांच्या बायकोला, मुमताजला, पैशाची फिकीर नव्हती. मुलगी अफशीन हिंजवडीच्या कंपनीत लागली होती. घरात कॉम्प्युटर आला होता, प्रिंटर आला होता. मुमताजचा जीव खायचा तो नवऱ्याचा गप्पपणा. जेवायला काय करू म्हटलं तर "कर काहीही." ईदला कपडे? "घे काहीही." भांडायलासुद्धा माणूस उरला नाही हो घरात!

दोन हजार चार सालची गोष्ट. मुमताज गल्लीतल्या बचत गटाची सेक्रेटरी. बारा बायका, कुणी बुरूडकाम करणारी, कुणी पोळ्या लाटणारी. गटाचं खातं बँकेत उघडायचं, तर साहेबांनी बाराही जणींचे फोटो मागितले. "गुरुवारी अडीचच्या आत आणा. शुक्रवारपासून माझी बदली. नवे साहेब पहिल्यापासून सुरू करतील, मग मला बोल लावू नका." पाच महिने हेलपाटे घातलेल्या बायकांनी गुरुवारच पक्का धरला.

गुरुवारी अफशीनला रात्रपाळी होती, त्यामुळे दिवसा ती घरी. तिने भिंतीवर पांढरी चादर बांधली आणि डिजिटल कॅमेऱ्यात एकेकीला टिपलं. टोपल्या विणणाऱ्या आनंदीबाईंनी विचारलं, "हसू का नको?" दुर्गाबाई म्हणाल्या, "बँकेत देणार आहोत, बारशाला नाही." त्यानंतर मात्र सगळ्याच हसायला लागल्या आणि अर्धा तास वाया गेला.

चकचकीत फोटोचा कागद महाग, म्हणून दोनच सुटे आणलेले. पहिल्यावर अंदाज घ्यायला अफशीनने चार फोटो छापले, तर ते भलतेच मोठे आले, बँकेला न चालणारे; कागदाचा वरचा अर्ध्याहून जास्त भाग त्यात गेला आणि खालचा कोरा राहिला. दुसऱ्यावर बाराही जणी सुरेख उतरल्या. तेव्हा एक वाजला होता. मुमताजच्या मनात आलं, निदान कापायला तरी यांना बसवावं.

"अहो, तुमच्यासारखी रेघ कुणाला मारता येत नाही. एवढं कापून द्या ना."

रहीमभाई उठले. मुमताजने चटकन स्वयंपाकघर गाठलं. समोर उभं राहिलं तर माणूस पुन्हा खुर्चीत बसायचा, ही भीती. न्हाणीतून तिला पाण्याचा आवाज आला. तिला वाटलं, हात धूत असतील.

ते हात धूत नव्हते. तीस वर्षांची सवय! फोटो हातात आला की आधी पाण्यातून काढायचा, नाहीतर पुढे पिवळा पडतो. त्यांनी न्हाणीतल्या परातीत पाणी घेतलं आणि कागद अलगद त्यात सोडला. बघता बघता बारा जणींचे रंग पाण्यात उतरले. दुर्गाबाईंचं जांभळं पातळ आनंदीबाईंच्या गालावर गेलं.

"अब्बा! हा धुवायचा नसतो!" अफशीन ओरडली.

रहीमभाईंनी ओला कागद हातात धरला, परत परातीत ठेवला. "बघितलंस? माझा हात लागला की वाटोळं." ते खुर्चीकडे निघाले.

आणि मुमताज भडकली. वर्षभराचं साचलेलं होतं ते.

"खबरदार त्या खुर्चीत बसलात तर! आता कागद कुठून आणू? अख्खं पुणं एक ते चार झोपतं! बायका जिन्यात येऊन उभ्या आहेत. काय सांगू त्यांना? फोटोवाल्याच्या घरात फोटो नाही म्हणून?"

रहीमभाई थबकले. टेबलावर पहिला कागद होता, वरचे चार फोटो आणि खाली कोरा भाग. त्यांनी पट्टी उचलून तो कोरा भाग मोजला.

अफशीनने कॉम्प्युटरवर बसवून पाहिलं. "आठच बसतात, अब्बा. मधली जागा काढली तर दहा."

"माझा काढ आणि आनंदीबाईंचा काढ. आम्ही दोघी नंतर बघू," मुमताज म्हणाली खरी, पण जिन्याकडे बघायचं तिने टाळलं. पाच महिने बँकेच्या पायऱ्या आनंदीबाईंनीच तिच्याबरोबर झिजवल्या होत्या.

"कुणाला काढायचं नाही," रहीमभाई म्हणाले. "सगळ्यांना आडवं झोपव."

"म्हणजे?"

"अगं, उभे दहा, आडवे बारा. चार-चारच्या तीन ओळी. मधे केसाएवढीही फट नको."

"पण मग एका रेघेवर दोन चेहरे येतील. जरा सरकलं तर दोन्ही जातील."

"ते माझ्यावर सोड."

बारा बायका आडव्या पडून प्रिंटरमधून बाहेर आल्या. आनंदीबाई दारातून म्हणाल्या, "अगंबाई, सगळ्या झोपल्याच की!" कुणी हसलं नाही. रहीमभाईंनी जुनी सुरी काढली, पट्टी दाबली, श्वास रोखला. मुमताजने डोळे मिटून घेतले. सुरी कागदावरून फिरत राहिली, सलग, न थांबता. तिने डोळे उघडले तेव्हा टेबलावर बारा फोटो सुटे झाले होते, कुणाच्या कानाला धक्का नाही.

दोन वीसला बायकांनी बँक गाठली. साहेबांनी फोटो मोजले, चिकटवले, सह्या आणि अंगठे घेतले.

साडेतीनला मुमताज घरी आली. रहीमभाई कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर पेन्सिलीने चौकोन आखत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "घेतले?"

"घेतले. खातं झालं."

"पूर्ण कागदावर उभे तीस बसतात आणि आडवे बत्तीस. त्या तुमच्या कॉम्प्युटरला हे कुणी सांगितलेलंच नाही." ते उठले, दाराशी जाऊन चपला पायात सरकवू लागले. "चारला दुकान उघडेल. कागद मी निवडून आणतो. तुम्हा दोघींना तो काहीही गळ्यात मारेल."

मुमताजला हसूही आलं आणि रडूही आलं. ते जिना उतरून गेले तरी ती दार धरून तिथेच उभी होती.