पिरॅमिडच्या टोकावरचा राजा

गुरुजींना 'माहीत नाही' असं म्हणताना कुणी ऐकलेलं नाही. चंद्रावर पाऊस पडतो का, म्हैस जांभई का देते, विमानातल्या संडासातलं जातं कुठे, काहीही विचारा. गुरुजी डोळे मिटत, मिशीवरून बोट फिरवत आणि उत्तर देत. उत्तर खरं असेलच असं नाही, पण ठाम असे. ते माझे सख्खे चुलते. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत त्यांनी तीस वर्षं इतिहास शिकवला, मलाही शिकवला, आणि घरात काकूसकट सगळे त्यांना गुरुजीच म्हणत.

जगाची मापं ते आमच्या मुलखातून काढत. नाईल केवढी लांब? "आपल्या वाघ नदीला मागून शेपूट जोडत दिल्लीपर्यंत न्या, आणि तिथून परत आणा." वाळवंट म्हणजे काय? "मे महिन्यातलं मोखाडा, फक्त त्यात झाड नाही आणि एसटीही नाही." आम्हाला ते लगेच कळायचं, कारण एसटी नसलेलं मोखाडा आम्ही वर्षातून पुष्कळदा पाहत होतो.

त्यांचा हुकमी धडा इजिप्तचा. फळ्यावर मोठा त्रिकोण काढायचा, टोकाशी एक छोटी खोली आणि खोलीत राजा. "जव्हारचा राजवाडा कुठे आहे? उंचावर. मग इजिप्तचा राजा मेला म्हणून काय तळाला जाईल?" या युक्तिवादाला आमच्याकडे तोड नव्हती. परीक्षेत तो त्रिकोण दरवर्षी यायचा, आणि तालुक्यातल्या दोन पिढ्यांनी राजाला टोकावर बसवून मार्क घेतले.

निवृत्तीनंतर त्यांचा मुलगा दीपक म्हणाला, "कुठं फिरायला नेऊ?" काकूला काशीला जायचं होतं. गुरुजी म्हणाले, "काशी मी कधी शिकवली आहे का? इजिप्त शिकवलंय. एकदा तपासून आलं पाहिजे." तपासायचं म्हणजे काय, तर आपण बरोबर आहोत हे बघून यायचं. काकूने पिशवीत नागलीच्या भाकरी आणि लसणाची चटणी भरली आणि मी सामान उचलायला म्हणून सोबत गेले.

मोठ्या पिरॅमिडच्या आत कंबरेत वाकून चढावं लागतं. गुरुजी धापा टाकत होते, पण खूश होते, कारण वाट वर जात होती. मग मध्येच एक खोली आली आणि वाट संपली. गुरुजींनी दीपककडून गाइडला विचारलं, "आणि याच्या वर?" गाइड म्हणाला, राजाची खोली हीच, वर नुसते दगड. गुरुजी माझ्या कानाशी म्हणाले, "पोरगा नवीन दिसतो."

पुढे लक्सर गावच्या जुन्या देवळात काकूने दाराशीच चपला काढल्या. दगड तव्यासारखा तापलेला. ती एका पायावर, मग दुसऱ्या पायावर अशी अख्ख्या देवळातून नाचत गेली, पण चपला घालीना. कुत्र्याच्या तोंडाच्या देवाला तिने हात जोडले. "भैरोबाच्या घरातला कोणी आसंल," ती म्हणाली. गाइड त्या देवाचं काम सांगू लागला, पण गुरुजींनी आधीच भैरोबाशी नातं मान्य करून टाकलं होतं. आपल्याकडे वाघाला देव मानतात, मग यांनी कुत्र्याला मानला तर बिघडलं कुठे, हेही ते त्याला मराठीत समजावत होते.

दुसऱ्या दिवशी राजांच्या थडग्यांचा डोंगर. तिथली वाट खाली जाते. उतार, पायऱ्या, परत उतार, भिंतींवर नांगर धरलेले आणि धान्य कापणारे लोक, आणि पार तळाशी दगडाची रिकामी पेटी. बहुतेक राजे असेच खाली, जमिनीत ठेवत, गाइड म्हणाला. या पेटीतला राजा आता मोठ्या शहरातल्या संग्रहालयात आहे. गुरुजींनी या वेळी गाइडच्या वयाबद्दल काही म्हटलं नाही. पेटीकडे बघत ते एवढंच बोलले, "जनी."

बाहेर सावलीत बसल्यावर त्यांनी सांगितलं. वांगणीची जनी, माझ्याच वर्गातली. सहावीत असताना ती उठून म्हणाली होती, मेलेल्याला मातीत ठेवतात, राजा वर कसा राहील? गुरुजींनी तिला सगळ्यांसमोर वेडी ठरवून दुपारभर दाराशी उभं केलं आणि पेपरात शून्य दिलं. त्यानंतर जनी वर्गात कधी बोलली नाही. मला ते दुपारचं उभं राहणं आठवलं, आणि आपण सगळे तेव्हा हसलो होतो हेही आठवलं. लाज वाटली.

परत आल्यावर गुरुजी चूक दुरुस्त करायला निघाले. जव्हार डेपोत जुना विद्यार्थी कंडक्टर भेटला, त्याला तिकीट फाडताना अडवून सांगितलं, "राजा खाली असतो, लिहून घे." आदिवासी प्रकल्प कार्यालयातल्या कारकुनाला सांगितलं. लोक "बरं गुरुजी" म्हणत आणि डोक्याकडे बोट नेऊन एकमेकांना खूण करत. पण जनी भेटेना. माझ्या स्कुटीवर मागे बसून ते दोनदा वांगणीला गेले, दोन्ही वेळा दाराला कुलूप, माणसं वीटभट्टीवर. शेवटी होळीला सगळी गावी येतात तेव्हा गेलो.

जनीने खाट टाकली. गुरुजी बसले नाहीत. "जनी, राजा खाली असतो. मी बघून आलो. तुझं बरोबर होतं."

जनी म्हणाली, "राजाचा मना याद नाय, गुरुजी. दाराशी उभी ऱ्हायले, त्या याद हाय."

मिशीवरून बोट फिरलं नाही. शाळेची भाषाही गळून पडली. "चुकला माझा, बाय," ते म्हणाले. मला रडू आलं.

जनीने पदराने तोंड पुसलं. मग विचारलं, "आन तो राजा आजून तठंच हाय का?"

"नाय. काढला. काचंत ठेवलाय."

"मंग तुमचाबी चुकला नि माझाबी," जनी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. गुरुजी एवढे हसले की खाटेवर बसावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात गुरुजी गेले. दिवसकार्याला आमचा वर्ग मांडवात जमला, आणि गोष्टी निघता निघता राजावर आल्या. कंडक्टर म्हणाला, राजा टोकावरच असतो, म्हातारपणी गुरुजींच्या मनाने काहीतरी घेतलं होतं. सगळ्यांनी माना डोलवल्या. ती रिकामी पेटी पाहून आलेली मीही.

बायकांतून जनी उठली. "राजा खाली आसतो," ती म्हणाली. "गुरुजी सोता माझ्या आंगणात येऊन बोलले. त्यांच्या मनानं काय घेतला नव्हता. आथा यावर कोणी बोलायचा नाय."