पंखवाली घोरपड आणि माझी कुस्ती

आता माझ्या हातनं झालेला घोळ ऐकायचा, तर हातातला चहा आधी संपवा. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार न्हाय. मी सांगतेय आणि लिहून घेतेय माझी नात दीपा. लिही गं, खरं तेच लिही!

दीपा तेव्हा कॉलेजात होती. राजारामपुरीत क्लासला जाताना स्कूटीवरनं पडली आणि उजवा हात प्लास्टरात. हाताचं तिला दुःख न्हाय! दुःख कशाचं? तर कॉम्प्युटरवरल्या लढाईचं. तीन महिने खेळून ती शेवटच्या गुहेच्या तोंडाशी पोचली होती. प्लास्टर निघायला अजून महिना. एवढा दम तिला कुठला?

"आज्जी, तू माझा उजवा हात हो. मी सांगते, तू दाबायचं."

मला अक्षर येत न्हाय, पण डोकं पक्कं. चार दिवसांत सगळे नियम पाठ! नियम तरी कसले? दाढीवाला मांत्रिक एकदा मंत्र म्हणला की विसरतो, झोप काढल्याशिवाय त्याला आठवत न्हाय. चिलखताचा आकडा शून्याच्या जितका खाली तितकं चिलखत भारी.

"मग चिलखत काढून उघडाच फिरला तर आणखी भारी का?" मी विचारलं.

"आज्जी, नियम हाय तो. वाद घालू नको."

आणि मारायचं ते पाळीनं! आपली पाळी येईपर्यंत राक्षस गुमान उभा. एवढी शिस्त मी आमच्या भावकीतपण बघितली न्हाय.

सगळ्यात वाईट नियम शेवटी कळला. मांत्रिक धरून आपल्या बाजूची चौघंही मेली तर तीन महिन्यांचा खेळ पुसला जाणार, पयल्यापास्नं सुरू. आणि लढाई चालू असताना हाय तिथवरचा खेळ जपून ठेवायची सोय न्हाय.

त्या दिवशी दुपारी तीनला लोडशेडिंग. गुहेच्या तोंडाशी खेळ जपून ठेवला आणि आम्ही दोनला आत शिरलो. आत पंखवाली घोरपड, ही बैलगाडीएवढी! दीपा तिला ड्रॅगन म्हणते. म्हणू दे.

"मांत्रिकावर दाब! आता तलवारवाला! आज्जी, चष्मा घाल!"

ती सांगंल तसं मी दाबत गेले. आणि मग काय सांगू, घोरपड धाडकन उताणी! पाठ जमिनीला!

नेमका तेव्हाच बाहेरच्या खोलीत फोन वाजला. दीपा पळाली. जाताजाता ओरडली, "पडलीय ती! आता काय करायचं म्हाईत हाय न्हवं?"

म्हाईत न्हाय तर काय! आमचं मालक तालमीतलं पैलवान. चाळीस वर्षं त्यांच्या कुस्त्या मी भाकरी वाढताना ऐकल्यात. पाठ टेकली की कुस्ती संपली. पडलेल्यावर हात टाकला तर लोक जोड्यानं मारतील! उलट जिंकणाऱ्यानं हात देऊन उठवायचं, पाणी विचारायचं. माणुसकी हाय का न्हाय?

पाणी तिथं कुठलं? पण आमच्या चौघांत एक वैदीणबाई होती, तिच्याकडं औषधाची एकच बाटली राखून ठेवलेली. मी वैदिणीवर दाबलं, बाटलीवर दाबलं, घोरपडीवर दाबलं. तिच्या डोक्यावरची जीव दाखवणारी पट्टी काठोकाठ भरली. मला इतकं समाधान वाटलं!

घोरपड उठली. मी हसून हात जोडले. तिनं तोंड उघडलं आणि मांत्रिक जागच्या जागी राख!

"अगं बया! असली कसली पैलवान तू?"

दीपा धावत आली. पट्टी बघितली. "आज्जी! औषध कुणाला दिलंस?"

"पडली होती गं बिचारी..."

"आज्जीऽऽ!"

तलवारवाला गेला. धनुष्यवाली गेली. राहिली वैदीण, तिच्यात एवढासा जीव. पोरीचं तोंड पांढरंफटक, डोळ्यांत पाणी. "बटण बंद कर आज्जी, लवकर!"

मी उठले आणि पंखा बंद केला.

घोरपडीनं जबडा उघडला आणि... खट्! पडदा काळा. लाईट गेली. तीन वाजले होते.

"मेली का गं वैदीण?"

"गप बस. लाईट आल्यावर कळंल."

अख्खी गल्ली वीजवाल्यांना शिव्या घालत होती. मी एकटी मीटरपुढं हात जोडून उभी.

सहाला लाईट आली. कॉम्प्युटर उघडेपर्यंत आम्ही दोघींनी श्वास सोडला न्हाय. आणि दिसली! चौघंही गुहेच्या तोंडाशी, बाटलीसकट, जणू आत गेलीच न्हवती! मला तर हसावं का रडावं कळेना. साखरेचा डबा आणून पोरीच्या तोंडात मूठभर कोंबली.

दीपा म्हणाली, "आज्जी, हात पुढं कर बघू."

वाटलं, पोर हातावर डोकं टेकवून रडणार. तिनं खांद्यावरची ओढणी काढली आणि एका हातानं न् दातानं गाठ मारून माझे दोन्ही हात बांधले! "बस आता हितंच. डाव्या हातानं चुकलं तर चुकू दे, मीच खेळते."

तेवढ्यात माझा लेक कामावरनं आला. दारातच थबकला. "आई! हात कुणी बांधलं?"

"तुझ्या लेकीनं. पडलेल्या जनावराला औषध पाजलं म्हणून."

"मग त्यात चुकलं काय?"

दीपानं मानपण वर केली न्हाय. "काय न्हाय, बाबा. ते जनावर ठणठणीत झालं."