शेगडीसमोर बसलेली बहीण

आमचं घर शेतकऱ्याचं. सोनारकाम मी मालेगावात एका म्हाताऱ्या सोनाराचा भाता ओढत शिकलो. पुढे नाव झालं ते माझ्या हातामुळे, कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. कारंजाहून ठसे आणून दागिने उठवणं मला कधी जमलं नाही. मी नमुना शेतात शोधायचो. कपाशीचं उकललेलं बोंड चार हंगाम न्याहाळलं, पितळेच्या पत्र्यावर कितीदा तरी ठोकून मोडलं, तेव्हा कुठे मणी साधला: चार पाकळ्यांचा, आतून पोकळ, लाखेने भरलेला, हाताला हलका. पहिली माळ भाचीच्या लग्नात तिच्याच गळ्यात घालायची, हे मी मनाशी धरलं होतं. तीही बिनमजुरीची. मजुरीत पैसा सोडताना मला तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

भाचीचं लग्न ठरलं तशी बहीण आसेगावहून आली. आईने मरताना तिला दिलेली गळ्यातली सोन्याची सरी तिने माझ्या हाती दिली आणि शेगडीसमोर मांडी घालून बसली.

गिऱ्हाईक असंच बसतं. सोनं वितळून दागिना होईपर्यंत सोनारावरची नजर काढत नाही. परक्यांना मीच सुनवायचो, "डोये फाडून पाहा, भाव कमी होनार नाई." पण ही बहीण! मला वाटलं, शेकायला बसली असेल.

"बाई, आत जाय. तुही वयनी चहा करून राह्यली."

"इथंच आनाले सांग, दादा."

"अवं, झळ लागते."

"लागू दे."

सरी मुशीत घालून मी निखारे फुंकू लागलो. ती पापणी लवू देईना. मी पितळेचं बोंड पुढे केलं. तिने ते तळहातावर तोललं.

"हे तं पोकळ हाय. आत काय भरतं?"

"लाख."

"मंग सोनं कुठी जाते?"

माझं डोकं फिरलं. "माह्या पोटात जाते! अवं, तेवढ्याच सोन्यात दुप्पट मनी होते!"

"वरडतं काहून? साधे भरीव मनी कर." असं म्हणत तिने शेगडीभोवतीची गार राख पदराच्या टोकात बांधली. "राखेत सोन्याचा कन राह्यते म्हने."

मी तिच्या पदराच्या गाठीकडे बोट केलं. मग विचारलं, "कोनं शिकवलं तुले हे? दाजीनं?"

"त्याह्यले काय समजते? मायनं सांगतलं. म्हने, सरी मोडाची झाली तं दादाकडंच जाजो, पन समोर बसजो. फुंकनी धरली तवापासून तो सोनार."

फुंकणी माझ्या हातातच राहिली. जिच्या डोरल्याचा तुटलेला मणी मी माझ्या पदरच्या सोन्याने बसवला होता, ती आई असं म्हणाली? मुशीतलं सोनं थंड होऊ लागलं तेव्हा बहिणीनेच खुणावलं.

मी भरीव मणी केले. वाटाण्यासारखे, कुणीही करील असे. तिने ते माझ्याच काट्यावर तोलले आणि मान हलवून निघाली.

बोंडाची माळ पुढे पुष्कळ परक्या बायांनी माझ्याकडून करून नेली. कित्येक तर सोनं टाकून बाजाराला निघून जायच्या. भाचीच्या गळ्यात ती कधी पडली नाही. बहीण खोटं बोलली असं म्हणावं, तर ती खोटं बोलत नाही. आईला विचारावं, तर आई नाही.