हमीद शिकलगारांचे एकशेबारा स्क्रू

हमीद शिकलगारांनी बसवलेला स्क्रू हलत नाही, ही गोष्ट खडकीच्या दारूगोळा कारखान्यात वीस वर्षं सर्वांना मान्य होती. माणूस जरा गर्विष्ठच. पण हातात कसब असलं की गर्व खपून जातो. पुढे ते पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या वर्कशॉपात आले. सत्याऐंशी साली तिथे त्यांनी एक पोलादी पेटी बनवली, तेव्हा तिच्या आतल्या एकशेबारा स्क्रूंना दुसऱ्या कुणाला हातही लावू दिला नाही.

पेटी तिथे शिष्यवृत्तीवर संशोधन करणाऱ्या श्यामला रानडेच्या प्रयोगासाठी होती. आतली हवा पंपाने उपसायची, मग दोन बाजूंनी दोन वायूंचे बारीक झोत सोडून एकमेकांवर आदळवायचे. टकरीतून जन्मलेल्या नव्या रेणूवर लेसर टाकला की तो ठरावीक रंगाला चमकतो, आणि जन्मताना तो किती जोरात गरगरत होता ते त्यावरून कळतं. पण पेटीत हवा उरली तर रेणू वाटेतच तिला धडकतात, आणि कोण कुणाला भेटलं याचा पत्ता लागत नाही.

हवा नेमकी उरत होती. पाच आठवडे दाबाचा काटा एकाच आकड्याशी अडून बसला होता. बाहेरचा सांधा न् सांधा तपासला, गळती कुठेच नव्हती. "पंपातच खोट आहे," हमीदभाई येईल-जाईल त्याला सांगत. पंप सांभाळणारे हिंदुराव म्हणाले, "पंप नवा आहे. जरा पेटीलाही विचारून बघा." तेव्हापासून दोघांचा एकत्र चहा बंद झाला.

शेवटी संचालकांनी दहा दिवसांची मुदत दिली. काटा उतरला नाही तर पेटी भंगारात, आणि नवी परदेशातून. ती यायला दोन वर्षं लागणार, आणि श्यामलाची शिष्यवृत्ती आठ महिन्यांत संपणार होती.

दुसऱ्या दिवशी भलत्याच कामासाठी एका ठोकळ्यात आटे पाडताना हमीदभाई मध्येच थांबले. आटे कधीच भोकाच्या तळापर्यंत जात नाहीत, स्क्रूखाली थोडी पोकळी राहतेच. हे त्यांना तीस वर्षं ठाऊक होतं. त्यांनी त्या ठोकळ्यात स्क्रू आवळला, तो तेलात बुडवून काचेच्या हंडीखाली ठेवला आणि छोटा पंप लावला. स्क्रूच्या डोक्याखालून एक बुडबुडा निघाला. मिनिटाने दुसरा. दुपारभर ते निघत राहिले. आटे इतके घट्ट, की खाली कोंडलेली हवा थेंबाथेंबाने बाहेर येत होती. ढिला कारागीर असता तर ती पहिल्याच दिवशी निघून गेली असती. हमीदभाईंना स्वतःच्या हातांची लाज वाटली.

त्यांनी श्यामलाला सांगितलं. ती म्हणाली, "हमीदभाई, कुणाला कळायची गरज नाही. आपण गुपचूप दुरुस्त करू."

उपाय सोपा होता, पण जिवावर येणारा. प्रत्येक स्क्रूच्या आट्यांवर तिकोनी कानशीने उभी खाच पाडायची, म्हणजे हवेला वाट मिळेल. ज्या आट्यांवर नाव कमावलं, तेच आपल्या हाताने कापायचे. सहा दिवस ते कापत होते. बोटं सोलली. घरी पट्टी बांधताना त्यांच्या पत्नी हुस्नबानू म्हणाल्या, "अहो, दुसऱ्या कुणाला द्या ना."

"चूक माझी आहे. हातही माझेच लागतील."

मुदतीच्या आदल्या दिवशी काटा अडलेल्या आकड्याच्या खाली उतरला आणि उतरतच गेला. सकाळी संचालकांसमोर झोत सोडले, लेसर लावला. श्यामला एकेक रंग बदलत गेली, आणि चमक नोंदवणाऱ्या यंत्राचं सरळ चाललेलं पेन कागदावर एकदम वर उसळलं. इथे पहिल्यांदाच दोन रेणू कुणाच्या अडथळ्याशिवाय भेटले होते. श्यामलाचे डोळे भरून आले.

"चला, पंप सुधारला म्हणायचा एकदाचा," संचालक म्हणाले.

हिंदुराव खाली मान घालून उभे होते. गप्प राहिलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"साहेब, पंप पहिल्यापासून चांगला होता," हमीदभाई म्हणाले. "खोट माझ्या स्क्रूंत होती. यांना मी नाहक बोल लावला."

हिंदुराव कोरडेपणाने म्हणाले, "मला काय सांगता? पाच आठवडे शिव्या पंपाने खाल्ल्या. त्याची मागा माफी."

हमीदभाई खरंच पुढे गेले, वाकले, आणि पट्ट्या बांधलेला हात त्यांनी थरथरणाऱ्या पंपावर ठेवला. "माफ कर, बाबा," ते म्हणाले.

हिंदुरावांनी तोंड फिरवलं. थट्टा त्यांनीच केली होती, पण आता त्यांनाच ते बघवेना.